खिचडीची सुट्टी

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाच्या घरात सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. घरात गॅस असूनही चहा चुलीवर उकळत होता, कारण अंबाजीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गॅसवरचा चहा दवाखान्यातला लागायचा. तो स्वतः पडवीत बसून कोंबड्यांना कण्या टाकत होता आणि एकेकीला नावानिशी शिव्या देत होता. सगुणा तांदळाची उकड मळून एकेक भाकरी तव्यावर टाकत होती. आधी भाजून ठेवलेल्या सुकटीचा वास शेजारच्या तीन घरांत पोचला होता. शाळेला सुट्टी लागली, म्हणजे सगुणालाही लागली. गेली अकरा वर्षं ती आंबेखारच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवत होती. आता दीड महिना फक्त दोन माणसांचं रांधायचं, या विचाराने तिचे हात जरा सैलच चालले होते.

तेवढ्यात मागल्या दारावर टकटक झाली.

आंबेखारमध्ये दार कोणी वाजवत नाही. येणारा वाटेतूनच हाक मारत येतो आणि पडवीत बसून मग विचारतो, बसू का म्हणून. मागल्या दारी तर भांडी घासायचं पाणी आणि अळूची पानं, तिथे कोण येणार? सगुणाने पिठाच्या हातानेच कडी काढली.

दारात जनी उभी होती. तिसरीतली, खाडीकडच्या कातकरवाडीतली. अंगावर शाळेचाच फ्रॉक, काखेत धाकटा भाऊ आणि हातात शाळेत जेवायची स्टीलची ताटली, घासून लख्ख केलेली.

“मावशी, आज खिचडी न्हाय?”

“अगो, सुट्टी ना आता. काल निकाल घेऊन गेलीस ना?”

“ते म्हाईत हाय.” जनीने भावाला दुसऱ्या काखेत घेतलं. “शाळेला सुट्टी हाय. पन खिचडीला पन सुट्टी असते?”

सगुणा चुलीकडे वळली. तिने दोन भाकऱ्या, थोडी सुकट आणि कांदा ताटलीत घातला. पोरीने तिथे खाल्लं नाही. वर दुसरी भाकरी उपडी घालून, ताटली झाकून ती चालू लागली. ती गेल्यावरही सगुणा दारातच उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपल्याचं अंबाजीने पडवीतून ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिघं आली, चौथ्या दिवशी सात. सगळी मागल्या दाराने. सगळी कातकरवाडीतलीच होती असंही नव्हतं. दोघं गावातली होती, ज्यांच्या आज्यांची भातशेती सगुणाने डोळ्यांनी पाहिली होती. आता तिथे बंगले होते. सगुणाच्या सासऱ्यांच्या खाचरातही एक उभा होता. त्याच्या हिरवळीवर भर मे महिन्यात पाण्याचं कारंजं गोल गोल फिरायचं.

“खानावळ काढलीस का काय?” अंबाजी म्हणाला. “पाटी लाव म्हणजे. रेवदंड्याचे रिक्षावाले पन येतील.”

“तुमच्या ताटात कमी पडलं का?”

“अजून न्हाय. म्हणून तर आत्ता बोलतो.”

बोलायचा असा, पण कण्यांचा डबा कोंबड्यांकडून काढून घरात त्यानेच आणून ठेवला.

नवव्या दिवशी कोणीच आलं नाही. दहाव्याही नाही. अकराव्या दिवशी सगुणा स्वतःच वाडीवर गेली. जनीची आजी ठमाबाई झोपडीबाहेर विकायला न्यायच्या चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, नांग्या दोऱ्याने बांधत बसली होती. जनीचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात ते पाऊस तोंडावर आला की परतत. पोरीची शाळा तुटू नये म्हणून मुलं आजीपाशी ठेवलेली. दुपारचं जेवण शाळेत व्हायचं, तेवढ्या भरवशावर.

“पोरांना का पाठवीत न्हायस?” सगुणाने विचारलं.

ठमाबाईने मान वर केली नाही. “एक दिस देशील, दहा दिस देशील. पोरीला दारं ठोकायची सवय लागंल. ती सवय मग जात न्हाय, बाय.”

“उपाशी ठेवशील?”

“उपाशी कशाला? तांदूळ हाय रेशनचा. तांदळावर घालायला काय न्हाय. मीठ घालतो.”

सगुणा उठून घरी आली. रस्ताभर तिला राग येत होता. ठमाबाईचा येतोय असं तिला आधी वाटलं. घर येईपर्यंत कळलं की ठमाबाई बरोबर बोलली, त्याचा येतोय. तिच्या स्वतःच्या माहेरी काय फार होतं? आठ माणसं होती आणि खारीतलं, खाडीला बांध घालून काढलेल्या जमिनीतलं, एक खाचर. पण भातावर मीठ घालून खाल्ल्याचं तिला आठवत नव्हतं. परसात दुधी, पडवळ, अळू, भात काढलेल्या जमिनीत वाल, कुंपणाला शेवगा. विकत आणायचं ते मीठ, रॉकेल आणि साखर. परसातलं तेवढंही या पोरांना कोणी दिलं नव्हतं. द्यायला जमीन नव्हती हे खरं. पण शाळेच्या मागे पाचसहा गुंठे रान पडलं होतं, ते रोज खिचडीचं पाणी फेकताना तीच बघत आली होती.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सगुणाने पहिल्याच दिवशी मृणाल मॅडमना गाठलं. मॅडम अलिबागहून स्कूटरवर यायच्या, वयाने सगुणाच्या मुलाएवढ्या. परसबागेचा फलक शाळेत होताच. दोन वर्षांपूर्वी फोटोसाठी चार रोपं लावली होती, ती शेळ्यांनी फोटो निघण्याआधीच खाल्ली.

“मावशी, मला यातलं काही येत नाही हं,” मॅडम म्हणाल्या. “मी बाल्कनीत तुळस मारलेली बाई आहे.”

“तुम्ही हजेरी घ्या. बाकी मी बघते.”

म्हणायला सोपं होतं. रानातून दगड निघाले, विटा निघाल्या, बंगल्यांवरच्या पार्ट्यांच्या बाटल्या तर पोत्यांनी निघाल्या. नागपंचमीच्या सुमाराला जमीन जमिनीसारखी दिसायला लागली. मग वेणूबाई आली. तिची नात कल्पिता चौथीत होती आणि नखांत माती घेऊन घरी जात होती.

“सगुणा, शेती सुटावी म्हणून पोरांना शाळेत घातलं. तू शाळेतच शेती आणलीस?”

पोरं कान टवकारून उभी. सगुणा खुरपं चालवत राहिली. हा टोमणा पोकळ नाही हे तिलाही ठाऊक होतं. तिने स्वतःच्या मुलाला, सुजितला, शेतात पाय ठेवू दिला नव्हता. आज तो न्हावाशेव्याला कंटेनर चालवत होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

“तुझी नात कलेक्टर होऊ दे, वेणू,” ती शेवटी म्हणाली. “पण कलेक्टरीणबाईला मुळा जमिनीच्या वर लागतो का खाली, हे ठाऊक असलं तर तिचं काय बिघडतं?”

“खाली!” कल्पिता ओरडली. वेणूबाईला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं आणि जाताना म्हणाली, “हात धुवायला तरी लाव त्यांना.”

हात धुण्याचं पाणीही वाया गेलं नाही. जेवणाआधी नव्वद हात धुतले जायचे, त्या पाण्याचा पाट काढून खाली अळू लावला. सगुणा चौथी शिकलेली, शिकवायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. तिच्या आईने जसं सांगितलं तसंच ती सांगायची. दोन मुळ्यांत एक वीत, दोन मिरच्यांत एक हात. पोरांनी इमानाने तसंच केलं. पण तिसरीतल्या पोराची वीत ती केवढी! महिन्याभरात मुळे एकमेकांच्या मांडीवर बसले. सगुणा कपाळाला हात लावून हसली, मग अर्धे उपटून त्याच दिवशी पाल्यासकट खिचडीत घातले. त्यानंतर बागेत मोजायला सहावीतल्या निकेशचा हात लागायचा. निकेश काही दिवस फार भाव खाऊन होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाग अशी झाली होती की मॅडम रोज तिचा फोटो काढायच्या. दुधीचा वेल मांडवावर चढलेला, मिरचीला फुलं, लाल माठ, भेंडी. सुट्टी दहाबारा दिवसांचीच. पाणी कोणी घालायचं ते वाटून दिलं. सगुणा सुजितकडे उलव्याला गेली. जाताना सगळ्यांना एवढंच म्हणाली, “नुसतं पाणी नको रे. जरा खत घाला. पोटाला बघा झाडांच्या.”

परत आली तेव्हा दुधीची पानं कडेने करपली होती. मिरच्या माना टाकून उभ्या होत्या. माती ओली होती, कीड दिसत नव्हती. पोरं गोळा झाली, मॅडम आल्या, कोणी म्हणालं दृष्ट लागली, मॅडमच्या फोटोंचीच. सगुणा खाली बसली. असं पान तिने आधी कुठेतरी पाहिलं होतं. तिने चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

मग थुंकली. “मीठ हाय ह्यात.”

पाचवीतला प्रणय पुढे आला. चेहरा त्या मिरच्यांसारखाच झालेला. त्याच्या घरची नारळ-सुपारीची वाडी, पिढ्यानपिढ्यांची. “मावशी, मी घातलं. आमचे आजोबा माडाला मीठ घालतात. राख नि मीठ. माड कसला होतो मग! तुम्ही म्हणालात खत घाला, म्हणून मी घरून पिशवी आणली. सगळ्यांना सारखं घातलं. कोणाला कमी न्हाय केलं.”

“माड समुद्राचा पोर, रे,” सगुणा म्हणाली. “त्याला चालतं. मिरचीला कसं चालेल?”

“आमी भातावर मीठ पुरवून पुरवून घालतो,” मागून जनी म्हणाली, “आन ह्यानं पिशवीच्या पिशवी मातीला चारली!”

पोरं फिसकन हसली. प्रणय रडायला लागला. सगुणाला हसू आलं नाही. जनीने ते सहज म्हटलं होतं, जशी आपण पावसाची गोष्ट बोलतो. मॅडमनी सगुणाकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं.

असं पान कुठे पाहिलं, ते तिला घरी जाताना आठवलं. ती दहा वर्षांची असताना उधाणाला खारीचा बांध फुटला होता आणि खाडी त्यांच्या खाचरात शिरली होती. भाताचं पान न् पान असंच कडेने जळत गेलं. बाप आठ दिवस बांधावर नुसता बसला. पण पुढल्या पावसात त्याने गोडं पाणी खाचरात कोंडलं, दोन दिवस ठेवलं, बांधातली मोरी उघडून सोडून दिलं. पुन्हा कोंडलं, पुन्हा सोडलं. “मीठ उपटता येत न्हाय, पोरी,” तो म्हणायचा, “त्याला बोलवून बाहेर न्यावं लागतं.” त्या वर्षी त्यांनी लोकांकडे मजुरी केली. त्याच्या पुढल्या वर्षी आपलं भात खाल्लं.

सकाळी तिने शाळेत सांगितलं, मेलेली झाडं उपटा, वाफ्याच्या खालच्या अंगाने चर खणा. विहिरीवरचा पंप चालू केला. पाइप पुरेना म्हणून पोरांची रांग लावली आणि बादल्या हातोहात गेल्या. वाफे भरायचे, थांबायचं, चर उघडायचा. चार दिवस हेच. प्रणय रांगेत सगळ्यात पुढे. “मीठ घालणारा तू, मीठ काढणारा पण तूच,” सगुणाने त्याला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी सगळ्यांनी मातीची चव घेतली. मॅडमनीसुद्धा, डोळे मिटून.

त्या खारवलेल्या वाफ्यात एकच गोष्ट हिरवीगार होती. जनीने ती खुडून आणली. “घोळ हाय. हिला काय होत न्हाय. खारीत पन येते. डाळ असंल तवा आजी तिच्यात घालते.” त्या दिवशी खिचडीत घोळ पडली. दुसऱ्या दिवशी रानभाज्या ओळखायला सगुणाने जनीलाच पुढे उभं केलं, आणि जनीने कुर्डू दाखवली, टाकळा आता संपला म्हणून सांगितलं, कोणती भाजी खाजते आणि कोणती उकळून तिचं पाणी टाकावं लागतं ते सांगितलं. सगुणाला त्यातल्या दोन ठाऊक नव्हत्या. जनी फळ्याजवळ कधी इतकं बोलली नव्हती.

धुतलेल्या वाफ्यांत वाल टोकले. थंडी पडली, दव पडू लागलं, वाल माजला. जानेवारीत शेंगा भरल्या तशी पोरांची एकच मागणी, पोपटी. शाळेच्या पटांगणात मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावला, शेंगा, बटाटे, कोनफळाच्या फोडी, ओवा, मीठ घातलं, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. मिठाची पिशवी प्रणयच्या हातात देऊन निकेश म्हणाला, “बेताने हां, झाडांचे डॉक्टर.” ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

पण सगळ्या शेंगा मडक्यात जाणार नव्हत्या. निम्म्या वेलावरच वाळवायच्या असं सगुणाने सांगितल्यावर दंगा झाला.

“कशाला वाळवायच्या? आत्ता गोड लागतात!”

“मे महिन्यासाठी.”

“मे महिना किती लांब हाय, मावशी!”

सगुणा काही बोलायच्या आत जनी म्हणाली, “येतो तो. दर वर्षी येतो.”

दोन डबे वाल निघाले. खाली राख, वर राख, मध्ये वाल. डब्यांवर कोणाचं नाव घातलं नाही. सुट्टीत बागेत येणाऱ्याने वाफ्याचं काम करायचं, जाताना वाटीभर वाल आणि ओंजळभर भाजी न्यायची, असं पोरांनीच ठरवलं. ठमाबाईला सगुणाने ते सांगितलं तेव्हा म्हातारी म्हणाली, “काम करून न्यायची ना? मग पाठवीन. मी पन येईन निंदायला.”

एप्रिल उजाडला तेव्हा मांडवावर नव्या दुधीची पिल्लं लटकत होती, भेंडी रोज तोडावी लागत होती, माठाचा दुसरा पेरा वर आला होता. सगुणा मनातल्या मनात दिवस मोजत होती. आणि मग तिला कळलं की एक मेपासून पंप बंद.

झालं होतं असं, की मागल्या मे महिन्यात कोणीतरी पंप चालू ठेवून गेलं आणि मोटार जळली. म्हणून शाळेच्या समितीने ठराव केला: उन्हाळ्याच्या सुट्टीत पंपाची खोली कुलूपबंद, चावी कपाटात, कपाटाची चावी अध्यक्षांच्या घरी. विहिरीत एकदा वासरू पडलं होतं, तेव्हापासून तोंडावर लोखंडी जाळी होती, म्हणजे बादली सोडायचीही सोय नाही. मॅडमनी समितीत विषय काढला. ठराव झालेला आहे, पुढच्या बैठकीत बघू, असं उत्तर आलं. पुढची बैठक जूनमध्ये होती.

“दहा दिवस पाणी न्हाय मिळालं तर?” अंबाजीने विचारलं.

“दहा कशाला? पाच पुरे.”

त्याने त्या दिवशी कोंबड्यांना शिव्या दिल्या नाहीत.

एक मेला झेंडावंदन झालं. निकालाआधी छोटा कार्यक्रम होता. समितीचे अध्यक्ष येसाजी पाटील पांढरे कपडे घालून आले होते. माणूस दिलदार, बोलायला लागला की थांबत नसे. आपल्या शाळेची परसबाग तालुक्यात पहिली आली, असं त्यांनी सांगितलं. याचं श्रेय सगुणाबाईंना, असंही सांगितलं. टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. वेणूबाईने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. जनी पहिल्या रांगेत बसली होती आणि टाळ्या न वाजवता सगुणाकडेच बघत होती. तिच्या मांडीवर ताटली होती. आज शेवटची खिचडी.

“दोन शब्द बोला, सगुणाबाई,” येसाजी म्हणाले. “आणि आज काय मागायचं ते मागा! गावाने तुमच्यासाठी काय करायचं, सांगा. संकोच नको. बागेला तुमचं नाव देऊ? कमान करू?”

सगुणा उभी राहिली. मे महिन्याच्या उन्हात शाल टोचत होती, ती काढून तिने घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. इतक्या माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती. मॅडमनी माईक पुढे केला, तो तिने हाताने बाजूला सारला.

“कमान नको,” ती म्हणाली. “नाव पन नको. मना पंपाच्या खोलीची चावी पाहिजे. आजपासून शाळा उघडेपर्यंत. रोज सकाळी अर्धा तास पंप चालवीन, माझ्या हाताने बंद करीन, कुलूप लावीन आन घरी जाईन. तेवढी चावी द्या.”